जुने गाणे कुणाच्या बाजूने साक्ष देते?

जुन्या काळावरचा गुन्हेपट किंवा रहस्यपट बघताना तो काळ आपल्याला कशाने कळतो? गाडीचे मॉडेल, भिंतीवरचे कॅलेंडर, पात्रांचे कपडे, हे सगळे डोळे सावकाश टिपतात. त्याआधी कानावर एक जुने गाणे पडते आणि आपण त्या सालात जाऊन बसतो. दिग्दर्शकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून अशा चित्रपटातली गाण्याची निवड आम्ही राजकीय निवड मानतो. कोणते गाणे वाजले यावरून तो काळ कुणाचा होता हे ठरते. ज्यांची गाणी वाजलीच नाहीत, ते त्या काळात नव्हतेच, असा समज पुढच्या पिढीच्या डोक्यात न बोलता पक्का होतो.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे आणि ते आमच्याच जुन्नर तालुक्यातले आहे. नारायणगावच्या विठाबाईंच्या आयुष्यावर लक्ष्मण उतेकर हे श्रद्धा कपूरला घेऊन 'ईठा' नावाचा हिंदी चित्रपट करत असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या. तेव्हापासून नारायणगाव, मंचर, घोडेगाव भागातल्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, मांग समाजातल्या बाईवर एवढा मोठा सिनेमा निघतोय, याचा अभिमान बाळगा. दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी ज्या दौलतजाद्यातून आपल्या आयाबहिणींना बाहेर काढले, तीच गोष्ट पुन्हा झगमगाटात विकली जाणार आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही एक साधा प्रश्न विचारत नाहीत. त्या पडद्यावर आवाज कुणाचा वाजणार?

हा प्रश्न किती मोठा आहे हे समजायला आधी जरा बाहेरच्या दोन चित्रपटांकडे जाऊ. दोन्ही गेल्या काही वर्षांतले आहेत आणि दोन्ही जुन्या गाण्यांवर उभे आहेत.

पहिला, एडगर राइट या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'लास्ट नाइट इन सोहो' (२०२१). आजच्या काळातली एक मुलगी फॅशनचे शिक्षण घ्यायला लंडनला येते. आजीच्या जुन्या रेकॉर्डी ऐकत वाढल्यामुळे तिला १९६० च्या दशकाचे वेड आहे. रात्री झोपली की ती त्या काळात पोहोचते आणि गायिका व्हायला निघालेल्या सँडी नावाच्या एका मुलीचे आयुष्य बघू लागते. सुरुवातीला सगळे गोड. पेटुला क्लार्कने गाजवलेले 'डाउनटाउन', सिला ब्लॅकचा आवाज, दिव्यांनी उजळलेले रस्ते. मग हळूहळू कळते की सँडीला रंगमंच मिळवून देतो म्हणणारा माणूस दलाल आहे आणि तो तिला एकेका पुरुषाकडे पाठवतो आहे. गाणी तीच राहतात, पण आता ती ऐकून अंगावर काटा येतो. जुन्या काळाच्या गोडीला भुललेल्या मुलीला त्या गोडीच्या आतला गुन्हा दिसतो, एवढीच या थरारपटाची खरी गोष्ट आहे. हे वाचताना ज्याला लावणी आठवली नसेल त्याने पुढचे जरा सावकाश वाचावे.

दुसरा, स्पाइक ली यांचा 'ब्लॅक क्लान्समन' (२०१८). रॉन स्टॉलवर्थ हा कोलोराडो स्प्रिंग्ज शहरातला पहिला काळा गुप्त पोलीस. तो फोनवर गोरा असल्याचे भासवून कू क्लक्स क्लान या वंशद्वेषी संघटनेत शिरकाव करतो. मूळ हकीकत खरी आहे, चित्रपटाने ती १९७२ सालात नेऊन ठेवली आहे. त्यात काळ्या विद्यार्थ्यांपुढे क्वामे टुरे यांचे भाषण होते, परतताना पोलीस विद्यार्थ्यांची गाडी अडवून त्यांचा अपमान करतात, आणि त्यानंतर सगळे एका बारमध्ये जमून नाचतात. गाणे वाजते ते कॉर्नेलियस ब्रदर्स अँड सिस्टर रोज यांचे 'टू लेट टु टर्न बॅक नाउ', त्याच १९७२ सालचे सोल गीत. गुप्त पोलिसाच्या कथेत नाचाला एवढा निवांत वेळ कोण देतो? कथा तिथे एक इंचही पुढे सरकत नाही. पण आम्हाला वाटते, चित्रपटाचा सगळा थरार त्या काही मिनिटांवर उभा आहे. पुढे क्लानचे लोक बॉम्बची तयारी करतात तेव्हा आपल्या जिवाला घोर लागतो, कारण ते काय उडवायला निघालेत हे आपण त्या नाचात पाहिलेले असते. पोलीस त्या समाजाकडे संशयित म्हणून बघतो. गाणे त्या समाजाला आतून दाखवते, हसणारा, प्रेमात पडणारा, एका ठेक्यावर पाय टाकणारा.

आणि शेवटी स्पाइक ली १९७२ सोडून सरळ २०१७ च्या शार्लट्सव्हिलमध्ये येतात, गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या खऱ्या मोर्चाची दृश्ये दाखवतात, आणि श्रेयनामावलीवर प्रिन्सचा आवाज येतो. एकट्या पियानोवर त्याने १९८३ मध्ये म्हणून ठेवलेले ते गाणे गुलामगिरीच्या काळातले जुने भक्तिगीत आहे. म्हणजे एका चित्रपटात गाण्याने गुलामगिरीपासून कालपरवापर्यंतची रेघ ओढली. सोल हे संगीतच तसे आहे. काळ्यांच्या चर्चमधले गॉस्पेल आणि रस्त्यावरचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून ते आले. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी या काळ्या माणसाने १९५९ साली स्वतःची कंपनी काढली, तिचे पुढे मोटाउन झाले. गाणारे काळे, वाजवणारे बहुतेक काळे आणि कंपनीचा मालकही काळा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचे आहे.

आता १९७२ सालीच आपल्याकडे काय होते? मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली आणि पँथरचा भागवत जाधव मारला गेला. एखाद्या थरारपटाला लागतो तेवढा सगळा माल या दोन वर्षांत आहे. त्या चाळींच्या गॅलरीत, जयंतीच्या मंडपात तेव्हा वामनदादा कर्डकांची गाणी होती, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज होते. पण जुन्या मुंबईवरचे हिंदी गुन्हेपट लावून बघा. त्यात तुम्हाला कॅबरे ऐकू येईल, क्लबातला सॅक्सोफोन ऐकू येईल. वामनदादा ऐकू येणार नाहीत.

अनुराग कश्यप यांचा 'बॉम्बे वेल्वेट' (२०१५) याचे ठळक उदाहरण. १९६० च्या दशकातली मुंबई, गिरणीच्या जमिनींचे राजकारण, एक जॅझ गायिका आणि एक गुंड. अमित त्रिवेदींनी जॅझ मेहनतीने बांधले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. 'सी.आय.डी.' (१९५६) साठी गीता दत्तने गायलेले एक गाणेही नव्याने करून घेतले. पण शहर फक्त क्लबाच्या दारापर्यंत येते. ज्या गिरण्यांच्या जमिनीसाठी खून पडताहेत, त्या गिरण्यांतला कामगार संध्याकाळी काय ऐकत होता? परळ-लालबागात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून जो आवाज उठवला होता, तो कुठे गेला? पिला हाऊसच्या थिएटरांतली ढोलकी कुठे गेली? जमीन कामगाराची आणि गाणे मालकाच्या क्लबातले, अशी ही वाटणी आहे. गंमत म्हणजे त्या क्लबांतले वादकही बहुतेक गोव्याचे गरीब ख्रिस्ती होते. त्यांची बाजू मांडायला कोंकणीतल्या 'नाचोंया कुंपासार' (२०१४) या चित्रपटाची वाट बघावी लागली. बार्द्रॉय बार्रेटो यांनी क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कथा क्रिस पेरींच्या वीसेक जुन्या गाण्यांवरच उभी केली. ज्यांची गाणी, त्यांचीच गोष्ट. हे करता येते, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

मराठीत गाण्याला साक्षीदार करणारे काम एका माहितीपटाने केले. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबारात १० माणसे मारली गेली आणि त्या वेदनेने शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. पटवर्धन पुढे १४ वर्षे गाणी गोळा करत फिरले. त्या चित्रपटात एकेक गाणे पंचनाम्यातल्या नोंदीसारखे येते. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही तो दाखवतो तेव्हा पोरे आधी गाण्यांवर टाळ्या वाजवतात आणि मग गप्प होतात.

आता घरी येऊ. तमाशाकडे.

मराठी तमाशापटाला आपण 'लावणीचा सिनेमा' म्हणतो. नीट बघितले तर त्यातले दोन सगळ्यात गाजलेले चित्रपट गुन्ह्याच्या कथा आहेत. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्यातल्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. आजही लोकांना आठवते ती आशा भोसलेंनी गायलेली बुगडीची लावणी. पण कथा काय आहे? गावचा पाटील एका स्त्रीवर अत्याचार करतो, तिचे घर उद्ध्वस्त होते, तिची मुलगी तमाशात वाढते. आणि शेवटी ही मुलगी त्याच गावात फड लावते आणि वगातून सगळा गुन्हा गावासमोर मांडते. आरोपी समोर प्रेक्षकांत बसलेला आहे. पोलीस नाही, कोर्ट नाही, ढोलकी आहे. खेड्यातल्या शोषित बाईला फिर्याद नोंदवायला जी एकमेव जागा होती ती म्हणजे बोर्ड, हे या चित्रपटाला कळले होते. त्यातली लावणी ऐकून पाटील खूश होतो, आणि तीच लावणी त्याला वगाच्या सापळ्यापर्यंत आणून बसवते. सोहोच्या चित्रपटाने २०२१ मध्ये जे केले त्याच्या जवळचे काहीतरी मराठीने १९५९ मध्ये केले होते.

मग तेरा वर्षांनी शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) आला आणि काटा उलटा फिरला. 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटावरून घेतलेली कथा. आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादी लागतो. दुसऱ्याच माणसाचे प्रेत बघून गाव समजते की गुरुजी मेले, गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा खटला उभा राहतो. रहस्यकथा म्हणून ही कल्पना जबरदस्त आहे, मान्य करू. राम कदमांच्या चाली, जगदीश खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. पण इथे गाण्याचे काम बदलले. 'सांगत्ये ऐका'त गाणे साक्षीदार होते, 'पिंजरा'त ते आरोपी आहे. लावणीने भुलवले म्हणून गुरुजी पडले! गावाला पुतळा वाचवायचा आहे, गुरुजींनाही आपला पुतळाच वाचवायचा आहे, आणि त्याची किंमत मोजायची ती तमाशाने. मध्यमवर्गाला हे उत्तर आवडले. लावणी घरात रेडिओवर ऐकायची आणि लावणी करणारीला घर मोडणारी ठरवायचे, हा सौदा त्या काळापासून आजवर चालू आहे. 'नटरंग' (२०१०) आणि 'चंद्रमुखी' (२०२२) पर्यंत अजय-अतुल यांच्या चालींवर शहरी गणेशोत्सव नाचला, पण त्या नाचाने फडावरच्या बाईची उचल फिटली नाही.

दोन्ही चित्रपटांत आणखी एक गोष्ट समान आहे. तमाशाचा फड बहुतांश महार, मांग, कोल्हाटी समाजांनी चालवला, पण या कथांत जात हा प्रश्न म्हणून उभाच राहत नाही. पाटील आहे, गुरुजी आहे, बाई आहे. बाईची जात मात्र ढोलकीच्या आवाजात बुडून जाते. स्पाइक लीच्या चित्रपटातून वंश काढून टाका आणि बघा काय उरते ते.

इथे नारायणगाव समजून घेतले पाहिजे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते ते उगाच नाही. चैत्रात गावोगावच्या जत्रा ठरतात तेव्हा राज्यभरातल्या फडांच्या राहुट्या इथे पडतात. पंचमंडळी येतात, सुपारी ठरते, तारीख लागते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत ट्रकवर जगतो. पावसाळ्यात हाताला काम नसते, मग मालकाकडून उचल घ्यायची आणि ती पुढच्या हंगामात नाचून, गाऊन, वाजवून फेडायची. उसतोड कामगाराची उचल आणि तमाशा कलावंताची उचल यांत फरक एवढाच की एकाच्या हातात कोयता असतो, दुसऱ्याच्या हातात तुणतुणे.

याच गावातून भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड निघाला. विठाबाई (१९३५-२००२) या भाऊंच्या लेक. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांची दखल घेतली गेली. त्यांच्या जाण्यानंतर राज्य सरकारने २००६ पासून त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आयुष्याच्या शेवटी मात्र त्या हलाखीत होत्या. योगीराज बागुल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आमच्या कार्यकर्त्यांनी वाचायलाच हवे. सगळ्यांना एकच प्रसंग तोंडपाठ असतो, खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहण्याचा. सिनेमावाल्यांनाही तोच प्रसंग हवा असणार, कारण त्यात थरार आहे. पण त्या रात्री बाई पुन्हा बोर्डावर का गेली? हौस म्हणून? तिकडे सुपारीचे पैसे घेतलेले होते, प्रेक्षक खोळंबले होते आणि फडावर कितीतरी पोटे अवलंबून होती. हे न सांगता तो प्रसंग दाखवला तर बाळंतिणीचे रक्तही करमणूक होऊन बसेल.

आणि तिच्यासाठी गाणार कोण? नव्या गायिकेकडून, नव्या चालीवर, साठ वायोलिन लावून केलेली लावणी हिट होईल यात शंका नाही. पण विठाबाईंचा आवाज गुळगुळीत नव्हता. उघड्या मैदानात, हजारो माणसांच्या गलक्यावर मात करणारा तो आवाज होता. तो घासलेला, तापलेला आवाज काढून टाकला की मैदान जाते, राहुटी जाते, थंडी जाते. उरतो स्टुडिओ.

इथे पैशाचाही हिशेब आहे आणि तो कुणी मांडत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. कवीचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे १९५९ साली निघालेली तबकडी आज कुणीही वाजवावी, पण १९७७ मध्ये निवर्तलेल्या गदिमांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ पर्यंत शाबूत. कवीच्या वारसाला मिळते याचे आम्हाला वाईट वाटत नाही, मिळालेच पाहिजे. पण फडावरच्या कलावंताने जे रचले ते कुठे नोंदलेच नाही. त्याच्यापुढे श्रेयनामावलीत एक शब्द लिहिला जातो : 'पारंपरिक'. पारंपरिक म्हणजे ज्याचा मालक नाही, ज्याचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वामित्वधनाचा हक्क मजबूत केला, पण ज्याचे नाव कागदावर नाही त्याला कायदा कुठून शोधणार? गावगाड्यात जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव नव्हते, तसे गाण्याच्या सातबाऱ्यावरही नाही. मोटाउनचा मालक काळा होता हे लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी. तिथेही कलावंतांची फसवणूक झाली, पण निदान गाणाऱ्यांची आणि गाणी रचणाऱ्यांची नावे तरी छापली गेली.

आता आमच्यातल्या दुसऱ्या तटाच्या आक्षेपाकडे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न महाडच्या लढ्यासाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण तो पैसा महार स्त्रियांना नाचवून आलेला होता, ही हकीकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, पवळा हिवरगावची महार. हिवरगाव पावसा इथून फार लांब नाही, आळेफाट्यावरून नाशिककडे निघाले की संगमनेर तालुक्यात लागते. पुढे १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी-मुरळ्यांपुढे बोलताना बाबासाहेबांनी तो व्यवसाय सोडा असे स्वच्छ सांगितले. यात कुठेही धूसरता नाही. मग आम्ही तमाशाच्या गाण्याचा कैवार का घेतो?

कारण बाबासाहेबांनी स्त्रीच्या शरीराचा बाजार नाकारला, ढोलकी नाकारली नाही. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी १९३१ मध्ये जलसा उभा केला तो तमाशाच्याच हाडामांसातून. गणाच्या जागी वंदन बदलले, गौळणीतला शृंगार गेला, बतावणीत सावकार आणि भट आले, वगात सत्याग्रह आला. वाद्ये तीच राहिली, ऐकणारा बदलला. बाबासाहेब अशा जलशांना आवर्जून दाद देत. आणि याचीही मुळे आमच्याच मातीत आहेत. ओतूरचे भीमराव महामुनी हे सत्यशोधकी जलशाच्या पहिल्या पिढीतले. त्याच ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८० च्या दशकात भटाशिवाय लग्ने लावली म्हणून ग्रामजोशाने खटला भरला आणि तो हायकोर्टापर्यंत गेला. एका बाजूला नारायणगावचा फड आणि दुसऱ्या बाजूला ओतूरचा जलसा, मध्ये काही कोसांचे अंतर. तमाशा म्हणजे फक्त गुलामी, असे म्हणणाऱ्याने या अंतरात काय घडले ते आधी समजून घ्यावे. तमाशा म्हणजे फक्त अभिमान म्हणत रील बनवणाऱ्यानेही.

त्यामुळे विठाबाईंवरच्या चित्रपटावर बहिष्कार टाका असे आम्ही म्हणणार नाही आणि हारतुरे घेऊन थिएटरबाहेर उभेही राहणार नाही. आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत आणि त्या लेखी मागणार आहोत. चित्रपटात विठाबाईंचा मूळ आवाज कुठेतरी वाजलाच पाहिजे, एक मिनिट का होईना. ज्या ढोलकीवाल्याने, हलगीवाल्याने, झिलकऱ्याने वाजवले-गायले त्याचे पूर्ण नाव आणि गाव श्रेयनामावलीत आले पाहिजे. आणि 'पारंपरिक' हा शब्द वापरायचा असेल तर त्या गाण्यापोटीचा वाटा तमाशा कलावंतांच्या निवृत्तिवेतनाला किंवा मुलांच्या शिक्षणाला गेला पाहिजे. यातली एकही मागणी अवघड नाही. कोट्यवधींचा चित्रपट काढणाऱ्याला तर नाहीच.

पण दुसऱ्याच्या चित्रपटाकडे मागण्या करत बसणे हे अर्धेच काम. आपल्या बाजूने थरारपट निघणार कधी? आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीच्या होन्या केंगलेने १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध बंड केले. महादेव कोळ्यांच्या टोळीने सावकारांची नाके कापली, इंग्रज सरकारने बक्षीस लावले, १८७६ मध्ये तो पकडला गेला. डोंगर, पाठलाग, फितुरी, सगळे त्यात आहे. उद्या कुणी हा चित्रपट काढला तर काय होईल ते आम्ही आत्ताच सांगतो : ड्रोनने टिपलेला भीमाशंकरचा डोंगर, मागे शिवकालीन थाटाचा पोवाडा आणि भगवा धूर. त्या डोंगरात भाताच्या आवणीच्या वेळी बायका जे गातात ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. होन्याचा काळ त्या बायकांच्या गळ्यात आहे. पोवाडा लावला की तो दुसऱ्याच कुणाचा काळ होतो. आदिवासी आणि बौद्ध कार्यकर्त्यांनी या कामात एकत्र बसायला काय हरकत आहे, डिंभ्याच्या धरणाने उठवलेल्या गावांत तर ही गाणी माणसांबरोबरच पांगली आहेत.

गाणे चित्रपटात यायचे तर आधी ते कुठेतरी नोंदलेले असावे लागते. आपल्या घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या भीमगीतांच्या, वगांच्या कॅसेटी माळ्यावर पडल्या आहेत. दमट हवेने फितीला बुरशी धरते, फीत चिकटते, मग आवाज कायमचा जातो. जुन्नर-आंबेगावच्या आमच्या साथींनी ठरवले आहे की या चैत्रात नारायणगावात राहुट्या पडतील तेव्हा प्रत्येक फडावर दोघे जण जातील. मोबाइल आणि वही, दुसरे काही नको. वहीत सहा रकाने आखा : कलावंताचे नाव, गाव, जात सांगायची असेल तर जात, वाद्य किंवा काम, गुरू कोण, आणि त्याला येणारे पण आता कुणी म्हणत नाही असे एक गाणे. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी विचारा. चहाचे पैसे आपण द्यायचे.